मामांचा पिवळा डाग

डागकाकांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नसे. कपड्यावर तर माशीची सावलीही नाही. लाँड्री वडिलांपासूनची, पण ‘डागकाका’ हे नाव मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं होतं. कपडा समोर आला की चष्मा कपाळावर सरकवायचा, डाग नाकाशी धरायचा आणि तो कशाचा, किती जुना, घरी लपवायचा प्रयत्न कोणी केला आणि कशाने केला, हे सगळं सांगून मोकळं व्हायचं. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, कॉलरवर चहा सांडलाय. काका म्हणाले, “चहा? कॉलरच्या आतल्या बाजूला? कमाल आहे बुवा!” ते गृहस्थ पुढे नेहमी एकटेच यायला लागले.

आता एवढा नेटका माणूस म्हटल्यावर धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून झाडणं आलंच. खिशातून जे निघेल ते गिऱ्हाइकाच्या नावाच्या डबीत. कोणाच्या खिशात सुतळी, कोणाच्या गारगोट्या, कोणाच्या बिस्किटांचा चुरा. कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांच्या खिशात मात्र किल्ल्यांशिवाय कधी काही सापडलं नाही. आणि पँटच्या दुमडींचं तर विचारूच नका! माणसं किती बी-बियाणं अंगावर घेऊन हिंडतात, हे लाँड्रीवाल्याला विचारावं. मोज्यांना रुतलेली कुसळं, स्वेटरला चिकटलेले काटेरी गोळे, दुमडीत जाऊन बसलेलं बारीक बी. काका ते सगळं ब्रशने झाडून मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात टाकत. चार दिवसांनी तिथे काहीतरी उगवलं की उपटून फेकत.

“अरे, राहू दे की,” त्यांची आई म्हणायची. “बिचारं कुठून तुझ्या गिऱ्हाइकाची पँट धरून इथवर आलंय.”

“आई, ही लाँड्री आहे. धर्मशाळा नाही.”

आई हसायची आणि इस्त्री झालेल्या कोटांची बटणं लावायला बसायची. ते काम तिचं. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवायची. दुकानात तिचा शब्द चालत नसे आणि तिला त्याची पर्वाही नसे. तिची सत्ता अंगणातल्या भिंतीवर होती. तिथे मामा असत.

मामा म्हणजे भोपळा. आईने लग्नाच्या वेळी माहेराहून जे आणलं त्यात मूठभर बियाही होत्या, पांढऱ्या, कडेने काळी रेघ असलेल्या. त्यांचा जो वेल झाला आणि त्याला जो भोपळा लागला, तो आईच्या माहेरचा म्हणून मुलांचा मामा. हे घरात इतकं रुळलं होतं की कोणाला त्यात विनोदही वाटेना. मामा दिसायला राजबिंडे. निळसर राखाडी साल, खोल खोल फाकी आणि चिरल्यावर आत केशरी उजेड. वेलाच्या पानांवर चंदेरी ठिपके. तसा भोपळा बाजारात मिळत नसे. दरवर्षी आई थोड्या बिया ठेवायची, पुढच्या वर्षी लावायची. मामा येत, राहत आणि बी ठेवून जात.

त्या वर्षी ताईचा, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचा, पाय मोडला. आईला तिच्या गावी जाणं भाग पडलं. जायच्या आधी आईने भिंतीशी आळं केलं, बिया टोचल्या, चार पानं फुटेपर्यंत ती थांबली आणि निघताना काकांना भिंतीपाशी घेऊन गेली.

“हे बघ. मामांच्या एवढ्याच बिया उरल्या होत्या. डब्यात आता एक नाही. वेल गेला तर मामा गेले, कळलं? माझ्या माहेराचं एवढंच उरलंय.”

“आई, तू निर्धास्त जा,” काका छातीवर हात ठेवून म्हणाले. “एक पान पिवळं पडू देणार नाही.”

आणि खरंच, त्यांनी वेलाची अशी बडदास्त ठेवली की जावयाची कोणी ठेवणार नाही. रोज पाणी. आठवड्याला खत. पानं ओल्या फडक्याने पुसायचे! त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, ती दारातून बघायची आणि कपाळाला हात लावायची. “अहो, आता इस्त्रीही करा त्या पानांना,” ती म्हणायची. वेल खूश होता. भिंत चढला, तारेवर गेला आणि एक दिवस फुलला. हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं! आणि तिथेच सगळं बिनसलं.

कारण भिंतीला लागूनच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. आणि त्या दोऱ्यांवर त्या वर्षापासून प्रसूतिगृहाच्या चादरी वाळत. पांढऱ्या, कडक, अशा शुभ्र की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. फुलं उमलली त्याच दिवशी एका चादरीवर काकांना पिवळा डाग दिसला. चष्मा कपाळावर गेला. चादर नाकाशी आली.

“भुकटी आहे,” काका म्हणाले. “फुलातली.”

हा डाग मोठा चिवट. पाणी लावलं की पसरतो, चोळलं की आत शिरतो. आधी कोरडाच अलगद झटकावा लागतो. दुसऱ्या दिवशी तीन चादरींवर डाग. शिवाय मधमाश्या! फुलातून निघायच्या, पिवळ्या पायांनी चादरीवर टेकायच्या, घटकाभर विसावायच्या आणि पुढे जायच्या. काका टॉवेल घेऊन त्यांच्या मागे अंगणभर धावले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की माणूस नाचतोय.

दोऱ्या हलवायला जागा नव्हती. वेल हलवणं शक्य नव्हतं. मग काकांनी डोकं चालवलं, आणि हेच त्यांचं चुकलं. फुलं नीट निरखल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फुलं दोन प्रकारची आहेत. काही फुलं लांब बारीक देठावर उभी. त्यांच्या मधोमध एक दांडा आणि सगळी भुकटी त्या दांड्यावर. दुसरी फुलं थोडी आणि बुटकी. त्यांच्याखाली लिंबाएवढा छोटासा भोपळा आधीपासूनच तयार! आणि यांच्यात भुकटीचा कण नाही.

“अगं, ऐकलंस का?” काकांनी काकूला हाक मारली. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. “भोपळा येतो तो या फुलांना. ती लांबड्या देठाची नुसती फुकटखाऊ. भोपळा नाही, काही नाही, वर डाग पाडतात ते वेगळंच! ती काढून टाकली की वेलाची सगळी ताकद मामांना मिळेल.”

“अहो, पण आई कधी फुलं काढत नव्हत्या.”

“आईच्या वेळी चादरी नव्हत्या.”

काकूने हात टेकले. त्या दिवसापासून काका रोज पहाटे कात्री घेऊन अंगणात जाऊ लागले. लांब देठाचं फूल दिसलं की कच. कळी दिसली तरी कच. काम करावं तर चोख, ही त्यांची रीतच. चादरी पुन्हा पांढऱ्याशुभ्र झाल्या, मधमाश्या फिरकेनाशा झाल्या आणि काका स्वतःच्या अकलेवर इतके खूश झाले की दुकानात शीळ घालायला लागले.

आईचा फोन यायचा. ताईच्या पायाची चौकशी होण्याआधीच आई विचारायची, “मामा काय म्हणतात?”

“मजेत आहेत. बाळसं धरलंय!”

खरंही होतं ते. छोटे छोटे मामा वेलावर दिसत होते. पण पहिला मामा पिवळा पडला आणि गळला. काका म्हणाले, “पहिलाच होता.” दुसरा गळला. काकांनी खत वाढवलं. तिसरा गळला तेव्हा पाणी कमी केलं, चौथ्याला जास्त घातलं. मामा काही केल्या थांबेनात. लिंबाएवढे व्हायचे, आठवडाभर राहायचे आणि देठाशी सडून टपकन खाली. वेलही आता थकायला लागला. बुंध्याकडची पानं वाळली, हवा बदलली, नवी फूट येईनाशी झाली. आणि आईचा फोन आला की ताई आता चालायला लागली आहे, मी लवकरच येते.

“मामा केवढे झाले?”

“आहेत... आहेत की,” काका म्हणाले आणि फोन ठेवून कोटांच्या ढिगामागे जाऊन बसले. आईने आयुष्यात त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट हातात दिली होती.

प्रसूतिगृहाच्या सिस्टर दर आठवड्याला चादरी न्यायला येत. आवाज खणखणीत, हसणं त्याहून. शेकडो बाळं त्यांच्या हातून या जगात आली होती, त्यामुळे त्यांना कशाचाच संकोच वाटत नसे. त्या दिवशी काकांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, “काय हो, कोणी गेलं की काय?”

“मामा जायला निघालेत,” काका म्हणाले, आणि त्यांना थेट अंगणात घेऊन गेले.

सिस्टरनी वेल बघितला. खाली पडलेले पिवळे गोळे बघितले. मग त्यांनी सगळा वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, “काका, इथे सगळ्या मुलीच दिसताहेत. मुलगे कुठे गेले?”

“मुलगे?”

“लांब देठाची फुलं. मधे दांडा असतो, त्यावर पिवळे पराग असतात.”

“ती? ती मी रोज कापतो,” काका अजूनही जरा अभिमानानेच म्हणाले. “डाग पडतात. माश्याही टॉवेलने हाकलल्या.”

सिस्टर जे हसायला लागल्या ते भिंतीला टेकूनच! “अहो काका! गावभर मी बायकांची बाळंतपणं करते, पण बापाशिवाय एकही झालं नाही अजून! ते पराग माशीच्या पायाला लागतात, माशी या फुलात येऊन बसते, पराग इथे चिकटतात, तेव्हा कुठे खालचा भोपळा धरतो. नाहीतर गळून जातो. तुम्ही नवरदेव कापलेत आणि पाहुण्यांना टॉवेलने हाकललंत!”

काका मट्कन खालीच बसले. डाग म्हणून ज्याला हाकललं, ते मामांचं अख्खं गोत होतं. साठीला टेकलेला माणूस, साऱ्या गावाचे डाग ओळखणारा, आणि घरच्या वेलावरचं साधं फूल ओळखता आलं नाही! काकू मागे उभी होती. एरवी ती सोडती ना. पण त्यांचा चेहरा बघून ती नुसती शेजारी येऊन बसली.

“अजून एक कळी आहे,” ती म्हणाली.

होती. वरच्या तारेपाशी, पानाआड, खाली गोळा असलेली एकच कळी. सिस्टरनी ती बघून सांगितलं की उद्या सकाळी उमलेल आणि दुपारच्या आत मिटेल. भोपळ्याच्या फुलाचं आयुष्य एका सकाळचं.

“मग दुसऱ्या कोणाच्या वेलावरचं नर फूल आणू!” काका उठून उभे राहिले.

“आणा की. भोपळा धरेल, हुबेहूब तुमच्या मामांसारखा दिसेलही. पण त्याच्या पोटातल्या बिया कोणावर जातील सांगता येत नाही. बाळ आईसारखं, पण नातवंडं लांबट निघतील की हिरवी, देव जाणे. मामांचं बी हवं असेल, तर नवरदेवही मामांच्याच घरचा लागेल.”

आणि मामांच्या घरचे सगळे नवरदेव तर कात्रीखाली गेले होते. वेलावर एक नर कळी शिल्लक नव्हती. सांगितलं ना, काम चोख!

सिस्टर चादरी घेऊन गेल्या. काका दुकानात येऊन उभे राहिले, पण हातात कपडा घेववेना. तेवढ्यात बँडमास्तर आले. गावातल्या कुठल्याही समारंभात पुढे लाल कोट घालून ट्रम्पेट वाजवत चालणारा उंच, गुबगुबीत माणूस. तो लाल कोट त्यांनी गल्ल्यावर पसरला.

“काका, संध्याकाळपर्यंत मिळेल का? बाहीवर काहीतरी लागलंय.”

काकांनी मन मारून कोट उचलला. सवयीने चष्मा कपाळावर गेला. बाही नाकाशी आली. आणि काका तसेच थिजले. कफावर पिवळा, किंचित केशरी, कोरडा, चिवट डाग. दोन महिने याच डागाशी त्यांनी हाडवैर धरलं होतं. अंधारातसुद्धा ओळखला असता!

“मास्तर, तुमच्याकडे भोपळ्याचा वेल आहे?”

“अरेच्चा! तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या बाहीने. बी कुठून आणलं?”

बँडमास्तर हसले. “आता काय सांगायचं! गेल्या वर्षी तुमच्याकडूनच हा कोट धुऊन नेला, तर खिशात दोन बिया. मोठ्या, पांढऱ्या, कडेने काळी रेघ. म्हटलं, काकांनी चुकून सोडल्या असतील. गच्चीवर कुंडीत टोचल्या. वेल झकास आला, फुलंही भरपूर, पण लेकाचा एक भोपळा धरेल तर शपथ! सगळी नुसती लांब देठाची फुलं. कुंडीत जागा पुरत नसेल.”

पांढरी बी, काळी रेघ. मामांची बी! काकांनी गल्ला ओलांडून बँडमास्तरांना मिठीच मारली. बँडमास्तर एवढे मोठे की काकांचे हात पाठीपर्यंत पोचेनात.

“मास्तर,” काका म्हणाले, “तुमच्याकडे मुलगे आहेत. माझ्याकडे एक मुलगी आहे. उद्या सकाळी.”

बँडमास्तरांना आधी काही कळेना. मग काकूने बाहेर येऊन सगळं सांगितलं. अगदी कात्रीपासून टॉवेलपर्यंत सांगितलं, तिला ती संधी थोडीच सोडवणार होती! ऐकता ऐकता बँडमास्तरांचे डोळे चमकायला लागले. “एवढंच ना?” ते म्हणाले. “अहो, आजवर लोकांच्या लग्नात वाजवलं. उद्या माझ्या घरचं कार्य!”

संध्याकाळी काका त्यांच्या गच्चीवर जाऊन पाहून आले. पानांवर तेच चंदेरी ठिपके. उद्या उमलतील अशा टपोऱ्या कळ्या, आणि सगळे मुलगेच. घरी आल्यावर काकांनी आपल्या वेलावरच्या त्या एका कळीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा हलकेच लावला, म्हणजे पहाटे उमलून भलतीच कोणी माशी आत शिरायला नको. डाग काढायचा सगळ्यात मऊ ब्रश होता, तो त्यांनी गरम पाण्यातून काढून फडक्यावर वाळत ठेवला.

सकाळी ऊन भिंतीवर यायच्या आत बँडमास्तर हजर. स्वच्छ लाल कोट, काखेत ट्रम्पेट, आणि ट्रम्पेटच्या रुंद तोंडात अलगद ठेवलेली चार पिवळी फुलं. वाटेत वाऱ्याने भुकटी उडू नये म्हणून त्यांनी वर तळहात धरला होता. मागून सिस्टर आल्या. ड्यूटी संपवून घरी जायचं सोडून इकडे आल्या होत्या. “माझ्याशिवाय कसं होईल?” त्या म्हणाल्या.

काका स्टुलावर चढले. काकूने स्टूल घट्ट धरलं. चिमटा काढल्याबरोबर फूल उमललं, पाकळ्यांवर अजून दव होतं. काकांनी नर फुलाच्या दांड्यावर ब्रश फिरवला. ब्रश पिवळाजर्द झाला. आयुष्यभर त्या ब्रशने त्यांनी रंग काढले होते. आज पहिल्यांदाच लावत होते.

“हळू,” खालून सिस्टर म्हणाल्या. “सगळीकडून लावा. हं, अस्सं. आता दुसऱ्या फुलाची भुकटी.”

चारही फुलं झाली. काकांनी पाकळ्या पुन्हा मिटल्या, चिमटा लावला आणि खाली उतरले. आणि मग बँडमास्तरांना राहवलं नाही. त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि सगळं अंगण दणाणून टाकलं! पहिल्याच सुरासरशी ट्रम्पेटच्या तोंडात साचलेली भुकटी फुर्रकन उडाली आणि समोरच्या दोरीवरच्या, नुकत्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर जाऊन बसली. शेजारी तुटकी पाकळीही.

सूर थांबला. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकूने तर डोळेच मिटले.

काका चादरीपाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवला. चादर नाकाशी धरली. “मामांचा आहे,” ते म्हणाले, आणि हसायला लागले. असे हसले, असे हसले, की काकूला लग्नातले काका आठवले. “वाजवा हो मास्तर! थांबलात कशाला? डाग काय, सावकाश काढू!”

फूल मिटलं, वाळलं. काकांचे पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. रोज दहा वेळा स्टुलावर. पण गोळा पिवळा पडला नाही. लिंबाचा संत्र्याएवढा झाला, संत्र्याचा नारळाएवढा. त्यावर फाकी दिसायला लागल्या. काकूने जुन्या उशीच्या अभ्र्याची झोळी करून त्याला तारेवर टांगलं. सिस्टर येता-जाता झोळीवर हात ठेवून “बाळ-बाळंतीण सुखरूप” असं जाहीर करायच्या.

आई आली ती तडक अंगणात. पिशवीही खाली ठेवली नाही. झोळीतल्या मामांना तिने बघितलं, खालून थोपटलं आणि म्हणाली, “एकटेच?”

काकू नजरेनेच ‘गप्प बसा’ म्हणत होती. पण काकांना डाग लपवलेला कधी आवडला नव्हता, मग स्वतःचा कसा लपवणार? त्यांनी सगळं सांगितलं. चादरी, कात्री, टॉवेल, खोटं बोललेला फोन, सगळं. मान खाली घालून सांगितलं. “तुझ्या माहेराचं एवढंच उरलं होतं, आई, आणि मी ते घालवायला निघालो होतो. मास्तरांच्या खिशात चुकून दोन बिया राहिल्या नसत्या तर...”

“चुकून?” आई म्हणाली.

काकांनी वर बघितलं. आईचे खांदे हलत होते. म्हातारी हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग पायरीवर टेकली.

“अरे, कोणाकडचं भांडं आपण रिकामं परत करतो का? मग खिसा रिकामा कसा परत करायचा? तू साऱ्यांचे खिसे झाडून झाडून रिकामे करायचास. मी बटणं लावताना एक-दोन बिया घालायचे. इतकी वर्षं घालतेय. झाडाला पाय नसतात रे. त्याला कोणीतरी न्यावं लागतं. वारा नेतो, पाखरं नेतात, तुझी गिऱ्हाइकं नेतात.”

“सगळ्यांच्या खिशात?”

“छे! मी तुझ्या त्या डब्या बघायचे. ज्याच्या खिशात सुतळी, गारगोटी, चुरा, त्याला द्यायचे. ज्याच्या खिशात नुसत्या किल्ल्या, तो काय पेरणार?”

“मग एवढ्याच बिया उरल्यात असं का सांगितलंस?” काका जवळजवळ रडकुंडीला आले. “माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आई!”

“तसं सांगितलं नसतं तर पाणी घातलं असतंस का वेलाला?” आई म्हणाली. “जा, तुझा तो मोतिया कोट घेऊन ये.”

मोतिया कोट हा काकांचा एकुलता एक चांगला कोट. डाग पडेल या धास्तीने तो त्यांनी कधी घातलाच नव्हता. दरवर्षी आई धुऊन, इस्त्री करून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगायची. काका तो घेऊन आले.

“खिशात हात घाल.”

साऱ्या गावाचे खिसे उलटे करणाऱ्या माणसाने आपल्या खिशात पहिल्यांदा हात घातला. आत चिंधीची एक पुरचुंडी होती. सोडली, तर तळहात भरून बिया. पांढऱ्या, टपोऱ्या, कडेने काळी रेघ.

“तुझ्यात जास्त ठेवल्या,” आई म्हणाली. “तुझाच खिसा नेहमी सगळ्यात कोरा असायचा.”

काकांना बरंही वाटत होतं आणि लाजही वाटत होती. त्यांनी मोतिया कोट तसाच अंगात चढवला, त्या अंगणात, मामांच्या वेलाखाली, आणि आत दुकानात गेले. आई आणि काकू त्यांच्या मागोमाग गेल्या.

हँगरवर वकीलसाहेबांचा काळा कोट इस्त्री होऊन टांगलेला होता. काकांनी पुरचुंडीतल्या दोन बिया निवडल्या आणि त्या कोटाच्या खिशात घातल्या.

“अरे, त्यांच्या खिशात नुसत्या किल्ल्या असतात,” आई म्हणाली.

“असू दे,” खिशाची झापड नीट बसवत काका म्हणाले. “माझ्यात तेवढ्याही नव्हत्या.”